पेन्सिलीचा रकाना

मला त्या हॉटेलचा पहिल्या दिवसापासून संशय होता.

हॉटेल खरं नव्हतं, फळ्यावरचं होतं. कोल्हापुरात राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. पाच कंप्युटर, एक इन्व्हर्टर, आणि लाइट गेली की त्या इन्व्हर्टरची कुईकुई. साल दोन हजार सात. वेबसाइट बांधायचं एक नवीन फ्रेमवर्क तेव्हा आलेलं. म्हणजे वेबसाइटचा आधीच तयार करून ठेवलेला सांगाडा, आपण फक्त आत आपलं सामान मांडायचं. आमचे सर पुण्यात कुणाकडून तरी ते शिकून आले होते आणि आल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. शिकणारे आम्ही दोघं. एक मी, आणि दुसरा जोतिबाच्या डोंगरावरचा. त्याच्या घरचं देवळाच्या वाटेवर नारळ-गुलालाचं दुकान होतं. कधीही बघा, त्याच्या कॉलरला गुलाबी झाक असायचीच.

"हे बघा," सर खडू नाचवत म्हणायचे, "हॉटेलात गिऱ्हाईक येतंय. वेटर ऑर्डर घेतोय, भटारखान्यात जातोय, तिथनं पदार्थ आणतोय आणि टेबलावर ठेवतोय. गिऱ्हाईक भटारखान्यात जात न्हाय. वेबसाइटचंबी तसंच. बघणाऱ्याला नुसतं पान दिसणार. माहिती आतल्या खोलीत. मधे वेटर."

जोतिबावाल्यानं मान डोलावली. मी हात वर केला.

"सर, गिऱ्हाईकानं आत जायचं न्हाय, हे कुणी ठरवलं?"

"कुणी ठरवलं म्हणजे? हॉटेल हाय गं ते!"

ऑफिसातले सगळे हसले. मी नाही हसले. आमच्या घरात हॉटेल म्हटलं की आधी काय आठवतं हे सरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. आम्ही गडमुडशिंगीचे, बौद्ध. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, लहानपणी मामाच्या गावी गेले की तिथल्या हॉटेलात आमच्या माणसांसाठी कानतुटका कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला असायचा. चहा वरून ओतायचे. प्यायचा, आपला आपण विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. पुढं आबा एसटीत मेकॅनिक झाले, पगार आला, कोल्हापुरातल्या पाहिजे त्या हॉटेलात खुर्चीवर बसायला लागले. पण कुठंही गेले तरी बसायच्या आधी भटारखान्याच्या दारातून एकदा आत डोकावणार म्हणजे डोकावणार. "आत काय चाललंय ते बघावं की," म्हणायचे. ही खोड माझ्यात जशीच्या तशी उतरली. आई मला शंकासूर म्हणायची, आणि ते काही लाडानं नव्हे.

तर ह्या शंकासुराला ते फ्रेमवर्क शिकायचं होतं, आणि ते शिकवणारा कुणीही सरळ बोलत नव्हता. सर नाहीत, इंटरनेटवरचे लोक नाहीत, कुणीच नाही. प्रत्येक गोष्ट दुसरीच कुठलीतरी गोष्ट असायची. हे म्हणजे हॉटेल, ते म्हणजे पाया, हे बियाणं, ती पाइपलाइन. आणि जादू! त्या शब्दाचा तर मला वीट आला. अमुक आपोआप कसं झालं विचारलं की उत्तर ठरलेलं, ती जादू हाय. अरे बाबांनो, जादूवाल्याचा हात कुठंतरी असतोच की! तो आपल्याला दिसत नाही, एवढंच. जिथं हात दिसत नाही तिथं पाणी मुरतंय, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

सगळ्यात मोठी जादू एका ओळीची. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहायची: कशाची यादी करायची त्याचं नाव, मग तिच्या रकान्यांची नावं. एंटर. भराभर फायली तयार व्हायच्या. यादीचं पान, एकेका नोंदीचं वेगळं पान, नवीन नोंद भरायचं पान, दुरुस्तीचं पान. अर्ध्या मिनिटात सगळं तयार, आणि आपण नुसतं बघत बसायचं. सर म्हणायचे, "ही परांची. इमारत बांधताना बांबूची परांची बांधतात की न्हाय? गवंडी तिच्यावर उभा राहतोय, काम झालं की सोडून टाकतोय. तसंच हे. हिच्यावर उभं राहून आपली खरी पानं बांधायची."

मी काय करायची, तयार झालेली प्रत्येक फाइल वहीत हातानं उतरवून काढायची. ओळ न् ओळ. कोण काय करतंय ते आपल्या हाताखालून गेल्याशिवाय मला झोप यायची नाही.

"कंप्युटर शिकालीस का शुद्धलेखन काढालीस?" जोतिबावाला विचारायचा.

"तू आपली मान डोलव," मी म्हणायची.

त्याला मी जरा लांबच ठेवलं होतं. तीन महिन्यांनी कायम कुणाला करायचं ते ठरणार होतं, आणि हा प्राणी सरांच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय सर' म्हणायचा. माझ्यासाठी खाली जाऊन चहा सांगून यायचा, तरी मला वाटायचं, ह्याला माझ्या मशीनवरचं काहीतरी बघायचं असणार.

आणखी एक गोष्ट सर दिवसातून दहादा सांगायचे. ह्या फ्रेमवर्कात वस्तू ठरलेल्या जागीच ठेवायची. नावं ठरलेली, जागा ठरलेल्या, पानांचे पत्तेसुद्धा ठरलेले. यादीचं नाव, एक तिरकी रेघ आणि नोंदीचा नंबर, की झाला त्या पानाचा पत्ता. "सगळ्यांची घरं एकाच नकाशाची," सर म्हणायचे. "एकदा शिकलं की जगातल्या कुठल्याबी घरात अंधारात चालता येतंय."

"मग चोरालाबी सोपंच की," मी म्हटलं.

"तुझ्या डोक्यात चोरच येणार!" सर म्हणाले, आणि सगळे परत हसले.

दुसऱ्या महिन्यात आम्हाला खरं काम मिळालं. मंगळवार पेठेत एक निवृत्त शिक्षिका वधू-वर सूचक केंद्र चालवायच्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. घरातल्याच पुढच्या खोलीत टेबल, भिंतीला कपाट, कपाटात समाजवार नोंदवह्या. आमच्या समाजाची वही सगळ्यांत पातळ. पुण्या-मुंबईकडं नोकरीला गेलेली मुलं आता वह्या चाळायला कोल्हापुरात येत नाहीत, म्हणून बाईंना वेबसाइट पाहिजे होती. त्या मूळ वह्या हाताबाहेर सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी पेठेतल्या दुकानातून झेरॉक्स काढून पाठवल्या.

आणि त्यातल्या पातळ वहीच्या झेरॉक्समध्ये माझी ताई होती.

हे मला ठाऊक होतं. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, घरी शिवणाचा क्लास चालवायची. तिचं नाव आबांनीच बाईंकडं नोंदवलं होतं. तेव्हा जयसिंगपूरचं एक स्थळ चालून आलेलं. मुलगा पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत, घरची माणसं बरी, दोन भेटी आमच्या घरी झालेल्या आणि दोन्हीकडून पसंतीचा सूर होता. ताई काही बोलायची नाही, पण क्लासच्या पोरींना दोन दिवस आधीच सुट्टी देऊन तिनं घराचे पडदे धुतलेले मी बघितले होते. इतक्या वर्षांत तिला स्वतःसाठी काही पाहिजे असल्याचं मी पहिल्यांदा बघत होते.

झेरॉक्समध्ये रकाने होते: नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. आणि शेवटी शेरा. मी पहिल्यांदा त्या शेऱ्यावरच बोट ठेवलं. एकाच्या पुढं लिहिलेलं, 'मुलगा घेतो, घरी माहीत नाही.' एकीच्या पुढं, 'मुलीच्या मनात दुसरा, सबुरीनं घेणे.' माझं डोकंच उठलं. ही बाई गावाच्या कुचाळक्या वहीत लिहून ठेवते काय? मग ताईच्या नावापर्यंत आले.

'टीबी. पूर्ण बरी. भेटीत सांगणे.'

ताईला टीबी झाला होता तो त्याच्या पाच वर्षं आधी. औषधाचा कोर्स झाला, डॉक्टरांनी बरी म्हणून सांगितलं, वजन वाढलं. पण आमच्या घरातून ही गोष्ट कधी बाहेर गेली नव्हती. मावशीलासुद्धा न्यूमोनिया म्हणून सांगितलेलं. आणि घरातल्या घरात काय होतं तेही सांगते, कारण लाज वाटली तरी खरं ते खरं: ताईचा पाण्याचा ग्लास अजून वेगळा होता. आईनं त्याच्या बुडाला खिळ्यानं खूण केलेली. ज्या घरात कोनाड्यातल्या कपाची गोष्ट ऐकून आम्ही लहानाच्या मोठ्या झालो त्या घरात पाच वर्षं एक ग्लास बाजूला होता, आणि एकदाही, एकदासुद्धा, आमच्यापैकी कुणी त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. मीही नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले ती आबांवरच घसरले. "बाईंना टीबीचं कुणी सांगितलं?"

आबा भाकरी मोडत होते. म्हणाले, "मीच. खोटं बोलून पोरगी द्यायची न्हाय मला. बाई म्हणाल्या, योग्य वेळी मी सांगते."

"योग्य वेळी! वहीत लिवून ठेवलंय त्यांनी!"

"मग लिवणारच की. डोक्यात किती जणांचं ठेवतील?" आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि आमच्या घराचं तर तोंड तीन पिढ्या पोळलेलं.

म्हणून मी ठरवलं, आमची वही मीच टाइप करणार. जोतिबावाल्याला मी त्या कागदांना हात लावू दिला नाही. ताईचा शेरा गाळूनच टाकावा असंही मनात आलं. पण बाई तपासायला बसणार होत्या. एकट्या ताईचा रकाना रिकामा दिसला तर त्या विचारणार, सर ऐकणार, जोतिबावाला ऐकणार. त्यापेक्षा सगळं आहे तसं भरावं आणि शेऱ्याचा रकाना वेबसाइटवर दिसूच देऊ नये, हे मला शहाणपणाचं वाटलं. ती एक ओळ मीच लिहिली. रकान्यांची नावं: नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, शेरा. एंटर. परांची उभी राहिली.

मग मी तिच्यावर उभं राहून खरी पानं बांधली. महिनाभर जीव ओतून. फिकट केशरी रंग, कोपऱ्यात झेंडूच्या फुलांचं तोरण, शोधायची सोय. त्या पानांवर शेरा कुठंही नव्हता. मी तीनदा तपासलं. सरांना तपासायला लावलं. बाई तपासायला बसल्या त्याही ह्याच पानांवर. जोतिबावाल्यालाही, मला त्याचा संशय असूनसुद्धा. वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी बाईंनी पेढे आणले. मला वाटलं, जिंकले.

पंधराएक दिवसांनी जयसिंगपूरहून निरोप आला, पुढं सरकायचं नाही. आबांनी शेजारच्यांच्या फोनवर ऐकलं आणि घरी येऊन नुसते कॉटवर बसले. "का म्हणून?" आईनं विचारलं. "कारण सांगितलं न्हाय," आबा म्हणाले. ताई मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिनं पाय थांबवला नाही. मशीन चालूच राहिलं, आणि मला तो आवाज ऐकवेना म्हणून मी परसात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ऑफिसात आल्या. रिक्षातून, एकट्या. पिशवीतून त्यांनी आमच्या समाजाची मूळ वही काढून टेबलावर ठेवली आणि उघडली. तेव्हा मी ती पहिल्यांदा बघितली. सगळे रकाने निळ्या शाईत होते. शेरा तेवढा पेन्सिलीत, बारीक, फिका, जेमतेम वाचता येईल असा. झेरॉक्सवाल्यानं गडद करून छापल्यामुळं आम्हाला सगळं एकसारखं काळं दिसलं होतं.

"जयसिंगपूरच्या मुलाच्या आईचा मला रात्री फोन आला," बाई म्हणाल्या. "म्हणतात, तुमच्याच कंप्युटरवर लिहिलंय, घरात सगळ्यांनी वाचलं. माझं पेन्सिलीचं बाहेर कुणी नेलं?"

मी वही जवळ ओढली.

"वीस वर्षं मी हे करते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गात असावा तसा होता, चढलेला नाही पण मागच्या बाकापर्यंत जाणारा. "शाईचं सगळ्यांसाठी. पेन्सिलीचं माझ्या तोंडचं. मुलगा-मुलगी दोनदा भेटली की तिसऱ्यांदा माझ्या घरी बोलावते. चहा मी करते. आणि मग सांगते. माणूस समोर बसलेलं असतं. ही बघा, हिला हे झालं होतं, आता बघा कशी ठणठणीत आहे. समोर माणूस असलं की लोक ऐकतात. सगळे नाही, पण पुष्कळ. लग्न लागलं की रबरानं खोडते. ह्या मुलीची तिसरी भेट येत्या रविवारी होती."

मला ज्या कुचाळक्या वाटल्या होत्या त्या ह्या. तरीपण माझं तोंड काय वळणाचं आहे बघा. मी बाईंना काही बोलण्याऐवजी गर्रकन जोतिबावाल्याकडं वळले.

"तूच दाखवलंस कुणाला तरी! मी जेवायला गेलते तवा माझ्या मशीनवर बसलतास!"

"म्या?" तो उठूनच उभा राहिला. "मला ठाऊकसुदीक न्हाय त्या वहीत काय हाय. तू हात तरी लावू दिलास व्हय?"

"मग कुणी? माझ्या पानावर शेरा न्हाय. ये, बघ, कुठं हाय दाखव!"

तो माझ्या खुर्चीवर बसला. माझं केशरी पान उघडलं, खालीवर केलं. नव्हताच शेरा. मग त्यानं वरच्या पत्त्याच्या पट्टीत, जास्त विचार न करता, यादीचं नाव, तिरकी रेघ आणि एक नंबर टाइप केला.

पान उघडलं. माझं नव्हे. रंग नाही, तोरण नाही, पांढऱ्यावर काळं. परांचीचं पान. एकाखाली एक सगळे रकाने, आणि शेवटी जाड अक्षरात शेरा.

"कुणी दाखवायला कशाला पायजे," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात मला हरवल्याचा आनंद नव्हता, आणि त्यामुळं मला जास्तच लागलं.

मी नवी पानं बांधली होती, पण जुनी काढली नव्हती. इतकं सरळ होतं ते. कुठल्याही पानावरून तिकडं जायची वाट नव्हती, म्हणून मी धरून चालले होते की तिथं कुणी जाणार नाही. पण ज्याला हे फ्रेमवर्क येतं त्याला वाट लागत नाही. पुण्यात कंप्युटरच्या नोकरीतल्या त्या मुलाला येत असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. मी हॉटेलवर संशय घेतला, जादूवर घेतला, बाईंवर घेतला, चहा सांगणाऱ्या साध्या माणसावर घेतला. माझ्या स्वतःच्या हातावर तेवढा घेतला नाही.

मी ती पानं तिथल्या तिथं काढून टाकली. मग सर्व्हरवरची नोंद उघडली, कुठलं पान कधी उघडलं गेलं त्याची. एका संध्याकाळी कुणीतरी ओळीनं नंबर टाकत गेलं होतं. एक, दोन, तीन, चार. ताईच्या नंबरापर्यंत. त्याच्या पुढं काही नाही.

सर आतून आले. बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "त्याचं असं झालं बाई, परांची काढायची राहिली."

"परांची म्हणू नका सर," मी म्हटलं. "परांची न्हाय, न् फिरांची न्हाय. चूक हाय ती. मी केलेली. त्या पोरीचं लगीन मी मोडलं, असं म्हणा."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं की ती पोरगी माझी बहीण आहे. मीच सांगितलं. त्यांनी वही मिटली, पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "घरी जा. दुसऱ्या कुणाकडून तिला कळायच्या आधी जा."

गडमुडशिंगीची बस दुपारी रिकामी असते. मी खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होते. एखादी उपमा सापडली असती तर बरं झालं असतं, हे कबूल करते. हॉटेल म्हणा, घर म्हणा, काहीही, ज्याच्या मागं जरा उभं राहता येईल. तेव्हा कळलं, सर आणि ते इंटरनेटवरचे लोक असं का बोलतात ते.

ताई एकटीच होती. आबा कामावर, आई दळणाला. मी चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. तुझ्या आजाराचं मी कंप्युटरमध्ये भरलं. लपवलं असं मला वाटलं, पण लपलं नव्हतं. त्यांनी ते वाचलं. त्यामुळं मोडलं. माझ्यामुळं. एवढं बोलून मी दारातच उभी राहिले. मला वाटत होतं, तिनं एक ठेवून द्यावी. द्यायलाच पाहिजे होती.

ताईनं दोरा तोडला. कापड बाजूला ठेवलं.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"टीबीचं. मीच सांगितलेलं त्याला. चालतंय म्हटला. घरी तो सांगणार होता, तोवर आईनं वाचलं असंल." मग म्हणाली, "ज्याला आपल्या आईम्होरं तोंड उघडता येत न्हाय, त्याच्याकडं नांदायला जाऊन तरी मी काय केलं असतं? जा, हातपाय धू. जेवली न्हाईस तू."

मी हातपाय धुतले. तिनं वाढलं, मी जेवले. आणि जेवता जेवता मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क दुसरी भाकरी मागून घेतली.

ताईचं लग्न पुढं दीड वर्षानं झालं. स्थळ बाईंनीच आणलं. त्यांच्या घरी, त्यांच्या हातच्या चहावर, त्यांनी सगळं तोंडानं सांगितलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, आता बरी आहे नव्हं? बाई म्हणाल्या, समोर बसलीय, बघा. झालं. आता तिला दोन पोरं आहेत आणि शिवणाचा क्लास तसाच चालू आहे. बाईंच्या वेबसाइटवर शेऱ्याचा रकाना परत कधी आला नाही. मलाही आणि जोतिबावाल्यालाही कायम केलं. पुढं मी तीन फ्रेमवर्कं शिकले, आणि अजून कुणी जादू म्हटलं की मी आधी फाइल उघडते.

एक मात्र उघडलेलं नाही. जयसिंगपूरच्या माणसांच्या त्या दोन्ही भेटी आमच्या पुढच्या खोलीत झाल्या होत्या. पोह्यांच्या बशा घेऊन मी दोन्ही वेळा सगळा वेळ तिथंच उभी होते, कारण मला त्या माणसांचाही संशय होता. ताई आणि तो मुलगा मिनिटभरसुद्धा एकटे नव्हते. फोनवर सांगितलं असेल म्हणावं, तर आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. कोपऱ्यावर कॉइन बॉक्स होता, हे खरं. तिथं जाऊन सांगितलं असेल. किंवा मी दारात उभी असताना, माझ्या तोंडाकडं बघून, दोरा तोडता तोडता तिनं ते तिथल्या तिथं रचलं असेल.

ताईला विचारायला मला एक फोन पुरेसा आहे. रोज रात्री आम्ही बोलतो, पोरांच्या शाळेचं, आबांच्या गुडघ्याचं. मी विचारत नाही.